घरगुती सर्व्हरचें दुखणें व त्याची परीक्षा



गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक प्रसंग घडला. त्या प्रसंगीं मी जी चूक करण्याच्या बेतांत होतों, ती मुलांना विज्ञान शिकविणाऱ्या माणसास शोभण्यासारखी खास नव्हती. ती टळली, पण माझ्या हुशारीनें नव्हे. तुमच्याच वयाच्या एका मुलीनें विचारलेल्या साध्या प्रश्नामुळें टळली. यंत्र बिघडलें असतां दोष कोठें आहे हें कसें शोधावें, आणि शोधतां शोधतां नुकसान वाढूं नये म्हणून काय जपावें, हें त्या प्रसंगानें मला जितकें शिकविलें तितकें कोणत्याहि पुस्तकानें शिकविलें नव्हतें. तें तुमच्या व तुमच्या पालकांच्याहि उपयोगीं पडावें, या हेतूनें येथें सांगत आहें.

सेवक व त्याचें भांडार

सर्व्हर या शब्दाचा सरळ अर्थ सेवक. घरांतील सर्वांचीं छायाचित्रें, कागदपत्रें, हिशेब व गाणीं एका ठिकाणीं सांभाळणारा, आणि मागेल त्यास मागेल तेव्हां तीं आणून देणारा संगणक, तो घरगुती सर्व्हर. त्यासाठीं फार मोठें यंत्र लागत नाहीं. वापरांतून गेलेला जुना संगणकहि पुरतो. आमचा सेवक असाच आहे. जिन्याखालच्या खणांत तो दिवसरात्र चालू असतो. त्यांत चार-चार टेराबाइटांच्या दोन हार्ड डिस्क बसविलेल्या होत्या. या लेखांत मी त्यांस पहिली तबकडी व दुसरी तबकडी असें म्हणेन. योजना अशी होती, कीं जें एकीवर लिहिलें जाईल तेंच त्याच वेळीं दुसरीवरहि लिहिलें जावें. या रचनेस आरसा म्हणतात. पुष्कळ स्वस्त तबकड्या एकत्र जोडून एकीचा बिघाड इतरांनीं भरून काढावा, हा विचार बर्कले येथील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत व्यवस्थित मांडला. त्यांनीं दिलेल्या प्रकारांपैकीं आरसा हा सर्वांत सोपा.

आमच्या तबकड्यांवर इतर गोष्टींबरोबर माझ्या आजीच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्या होत्या. वडिलांनीं त्या फार वर्षांपूर्वीं कॅसेटींवर उतरून घेतल्या होत्या. आजीस जाऊन आतां पुष्कळ काळ लोटला आहे. कॅसेटींस बुरशी लागूं लागली, तेव्हां मीं त्यांतील आवाज एकेक करून संगणकावर उतरविण्याचें काम हातीं घेतलें. शेवटची कॅसेट तर पुरी उतरवून होतांच तुटली. तिच्यांतील ओव्यांची दुसरी प्रत सर्व्हरखेरीज कोठेंहि नव्हती.

तबकडीची घडण

पुढील हकीकत समजण्यास तबकडीच्या पोटांत काय असतें तें थोडें जाणून घेतलें पाहिजे. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं बाजारांत आणली. तिच्यांत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून सुमारें पन्नास लक्ष अक्षरें मावत. तें यंत्र कपाटाएवढें होतें. आमची तबकडी हातांत मावते व तिच्यावर त्याच्या सुमारें आठ लक्ष पट मजकूर राहतो.

या तबकडीतील चकत्या मिनिटास ५४०० वेळां, म्हणजे दर सेकंदास ९० वेळां फिरतात. त्यांवर लोहचुंबकाच्या गुणाचा अतिशय पातळ थर असतो. चकतीच्या पृष्ठभागावरून एक चिमुकलें टोंक फिरतें. तेंच लिहितें व तेंच वाचतें. चालू असतां टोंक व चकती यांमधील अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनहि कमी असतें. शेतांत जसे वाफे पाडलेले असतात, तसे चकतीवर ठराविक मापाचे तुकडे पाडलेले असतात. त्यांस सेक्टर म्हणतात. एखादा वाफा नापीक व्हावा तसा एखादा सेक्टर खराब होतो, आणि मग त्यांतील मजकूर वाचतां येईनासा होतो. तबकडी अशा वेळीं लगेच हार मानीत नाहीं. ती त्याच जागीं टोंक पुन्हां पुन्हां नेऊन वाचण्याची खटपट करिते. बाहेरच्या माणसास एवढेंच दिसतें, कीं यंत्र अडखळत आहे.

प्रसंग

श्रावणांतील एका शनिवारीं रात्रीं मी आजीच्या ओव्या ऐकावयास बसलों. आवाज मध्येंच थांबे, दहापंधरा सेकंद सारें शांत होई, आणि पुन्हां ओवी पुढें सुरू होई. मीं सर्व्हरची स्थिति पाहिली. आमच्या सर्व्हरवर लिनक्स ही प्रणाली चालते. तींत आरशाची स्थिति दाखविणारी एक ओळ असते. त्या ओळींत दोन 'यू' अक्षरें असलीं, तर दोन्ही तबकड्या कामावर आहेत असें समजावें. एखाद्या 'यू'च्या जागीं आडवी रेघ आली, तर तेवढी तबकडी गळाली. मला रेघ दिसली. दुसरी तबकडी अकरा दिवसांपूर्वींच आरशांतून गळाली होती. सर्व्हरनें तसें मला ईमेलानें कळविलेंहि होतें. पण तें पत्र मीं उघडलेंच नव्हतें.

"दुसरी तबकडी मेली," असा निकाल मीं तेथल्या तेथें दिला. रविवारीं सकाळीं बाजारांत जाऊन तेवढ्याच मापाची नवी तबकडी आणली. दुसरी काढून टाकावी, तिच्या जागीं नवी बसवावी, आणि पहिलीवरील सर्व मजकूर नवीवर उतरवून आरसा पुन्हां पुरा करावा, असा माझा बेत होता. पेंचकस हातीं घेऊन मी जिन्याखालीं बसलों. माझी नववींत शिकणारी मुलगी विजेरी धरून उभी होती. ती म्हणाली,

"बाबा, दुसरी तबकडी अकरा दिवस कामावरच नाहीं ना?"

"नाहीं."

"मग काल ओव्या ऐकतांना अडखळत होतें कोण?"

माझा हात तेथेंच थांबला. गळालेली तबकडी अडखळूं शकत नाहीं; कारण तिला कोणी कांहीं विचारीतच नसतें. अडखळत होती ती पहिली. आणि तिलाच निरोगी समजून मी माझें सर्व भांडार तिच्या हवालीं करावयास निघालों होतों! आरसा पुन्हां भरण्यासाठीं पहिलीवरील प्रत्येक सेक्टर वाचावा लागला असता. चार टेराबाइटांची तबकडी सेकंदास दीडशें मेगाबाइटांच्या वेगानें वाचली, तरी सुमारें साडेसात तास लागतात. आजारी तबकडीस तितका वेळ न थांबतां पळविणें म्हणजे तापानें फणफणलेल्या माणसास डोंगर चढावयास लावणें होय. वाटेंत ती कोसळली असती, आणि दुसरी तर मी पुसून भंगारांत देण्याच्या तयारींत होतों.

रोग्याची नाडी

मीं पेंचकस खालीं ठेविला व जें काम सर्वांत आधीं करावयाचें तें उशीरां कां होईना करावयास घेतलें. प्रत्येक तबकडी आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवीत असते. या सोयीचें नांव 'स्मार्ट'. 'स्मार्टमोनटूल्स' नांवाचा फुकट मिळणारा कार्यक्रम ती नोंद वाचून दाखवितो. तींत पुष्कळ ओळी असतात; पण घरच्या माणसानें मुख्यतः चार ओळींकडे लक्ष द्यावें.

ओळ ५ : जे सेक्टर खराब ठरून त्यांच्या जागीं राखीव सेक्टर कामास लाविले, त्यांची संख्या.

ओळ १९७ : जे सेक्टर वाचतां आले नाहींत, परंतु ज्यांचा निकाल अद्याप लागलेला नाहीं, त्यांची संख्या.

ओळ १९८ : तबकडीनें स्वतःची तपासणी करितांना जे सेक्टर वाचतां आले नाहींत, त्यांची संख्या.

ओळ १९९ : तबकडी व संगणक यांमधील वाटेवर निरोप किती वेळां बिघडला, त्याची संख्या.

पहिल्या तीन ओळी तबकडीच्या अंगांतील दुखणें सांगतात. चौथी ओळ बहुतेक वेळां तबकडीविषयीं कांहींच सांगत नाहीं. ती सांगते केबलविषयीं. हा भेद नीट ध्यानांत ठेवावा. साऱ्या प्रकरणाचें मर्म यांतच आहे.

आमच्या दुसऱ्या तबकडीच्या नोंदींत ५, १९७ व १९८ या तिन्ही ओळींसमोर शून्य होतें. १९९ समोर मात्र १,३८६ हा आंकडा होता. पहिलीच्या नोंदींत १९९ समोर शून्य, आणि १९७ व १९८ समोर प्रत्येकीं २४! म्हणजे जिला मीं मेलेली ठरविलें ती धडधाकट होती. तिची केबल तेवढी सैल झाली होती. पावसाळ्यापूर्वींच्या आवराआवरींत मींच तें यंत्र ओढून पुन्हां खणांत ढकललें होतें, त्या वेळीं केबलीचें टोंक अर्धवट निसटलें असावें. आणि जी निमूटपणें काम करीत होती, तीच आंतून पोखरत चालली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

या नोंदीवर विश्वास किती ठेवावा, याचेंहि उत्तर उपलब्ध आहे. गूगल कंपनींतील संशोधकांनीं आपल्याकडील एक लक्षाहून अधिक तबकड्यांचा अभ्यास करून २००७ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. तपासणींत पहिला दोष आढळल्यावर पुढील साठ दिवसांत ती तबकडी बंद पडण्याचा संभव निर्दोष तबकडीच्या एकोणचाळीस पट असतो, असें त्यांस दिसून आलें. परंतु त्याच निबंधांत दुसरीहि गोष्ट आहे. बंद पडलेल्या तबकड्यांपैकीं निम्म्याहून अधिक अशा होत्या, कीं महत्त्वाच्या चारहि खुणांपैकीं एकहि त्यांच्या नोंदींत आधीं उमटली नव्हती. सारांश, नोंद वाईट असेल तर ती खरी मानावी. पण नोंद चांगली आहे एवढ्यावरून निर्धास्त राहूं नये.

परीक्षेचे चार नियम

पहिला नियम : आधीं वाचा, लिहूं नका. तबकडी आजारी आहे असा संशय येतांच तिच्यावर नवीन कांहीं लिहिणें थांबवावें. पुष्कळ लोक घाईनें दुरुस्तीचा कार्यक्रम चालवितात. तो कार्यक्रम तबकडीवर लिहितो. आणि वाचतांना अडखळणाऱ्या तबकडीवर त्यानें केलेली दुरुस्ती उरलेला मजकूरहि विस्कटूं शकते. दुरुस्ती करावयाची ती प्रतीवर, मूळ तबकडीवर नव्हे. तबकडी शीतकपाटांत ठेविल्यास ती जिवंत होते, अशी एक समजूत आहे. तिच्या नादीं लागूं नये. थंड तबकडी आपल्याकडील दमट हवेंत बाहेर काढली, कीं तिच्यावर दंव धरतें. तबकडींतून टकटक असा ताल धरलेला आवाज येऊं लागला, तर वीज बंद करावी व घरीं कांहींहि न करितां जाणकाराकडे जावें.

दुसरा नियम : बाहेरून आंत जा. जें तपासण्यास सोपें व स्वस्त, तें आधीं तपासावें. प्रथम वीजपुरवठा. तीन इंचांहून किंचित् मोठी तबकडी फिरूं लागतांना बारा व्होल्टांच्या तारेंतून दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. एकदां गति आली म्हणजे तिची भूक पुष्कळ कमी होते. म्हणून सर्व तबकड्या एकदम सुरू होतांना एखादी गळत असेल, तर संशय वीजपुरवठ्याच्या पेटीवर घ्यावा. बारा व्होल्टांच्या तारेंत ११.४ पासून १२.६ पर्यंतचा दाब क्षम्य आहे, त्याबाहेरचा नव्हे. त्यानंतर केबली. वीज पूर्ण काढून, यंत्राच्या धातूच्या सांगाड्यास हात लावून, प्रत्येक टोंक बाहेर काढून पुन्हां घट्ट बसवावें. शक्य तर कडी असलेली नवी केबल घ्यावी. एवढ्यानेंच पुष्कळदां सुंठीवाचून खोकला जातो. मात्र एक लक्षांत ठेवावें : केबल बदलल्यावर ओळ १९९ चा आंकडा शून्यावर येत नाहीं, तो केवळ वाढावयाचा थांबतो. म्हणून तो कागदावर लिहून ठेवावा व आठ दिवसांनीं पुन्हां पाहावा.

केबलीनंतर मेमरी. मेमरी बिघडली, म्हणजे दोष कधीं येथें तर कधीं तेथें दिसतो, आणि माणूस भलत्याच भागास बोल लावितो. तिच्या परीक्षेची एक सोपी युक्ति आहे. एखाद्या मोठ्या फाइलीचा चेकसम, म्हणजे तिच्या सर्व अक्षरांवरून गणितानें काढलेली खूण, काढावी. यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें व तीच खूण पुन्हां काढावी. फाइल तीच असूनहि खूण दर वेळीं निराळी येत असेल, तर फाइलीस नव्हे, वाचणाराच्या डोक्यास भ्रम झाला आहे असें समजावें. मग मेमटेस्ट हा कार्यक्रम रात्रभर चालवावा. त्यानें एक जरी चूक दाखविली, तरी ती मेमरी काढून टाकावी. आणखी एक क्षुल्लक वाटणारा भाग म्हणजे मुख्य फळीवरील नाण्याएवढी बॅटरी. तिच्यावर २०३२ हा आंकडा असतो. त्याचा अर्थ व्यास २० मिलिमीटर व जाडी ३.२ मिलिमीटर. वीज जाऊन आल्यावर संगणकाचें घड्याळ कित्येक वर्षें मागें गेलेलें दिसलें, तर ही बॅटरी संपली आहे. ती अल्प किमतींत मिळते. तिच्यासाठीं सबंध संगणक बदलणारे लोक मीं पाहिले आहेत.

तिसरा नियम : एका वेळीं एकच बदल करा, आणि तो वहींत लिहा. केबल बदलली, मेमरी काढली व तबकडीची जागाहि बदलली, आणि यंत्र चालूं लागलें, तर दोष कशांत होता हें कळत नाहीं. तो पुन्हां आला म्हणजे पुन्हां पहिल्यापासून आरंभ. लिहून ठेवण्याच्या संवयीचें एक प्रसिद्ध उदाहरण सांगतों. हार्वर्ड विद्यापीठांतील मार्क टू या संगणकांत ९ सप्टेंबर १९४७ रोजीं बिघाड झाला. शोधतां शोधतां एका विद्युत्-खटक्याच्या दोन टोंकांमध्यें अडकलेला पतंग सांपडला. तेथील माणसांनीं तो नुसता फेंकून दिला नाहीं. वेळेची नोंद करून त्यांनीं तो दैनंदिनीच्या पानावरच चिकटविला. तें पान आज अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. पतंग किती यंत्रांत शिरले असतील; पण वहींत पोंचला तो एकच, म्हणून तो आपणांस ठाऊक आहे.

चौथा नियम : ज्या तबकडीस हात लावावयाचा, तिची ओळख आधीं पटवा. प्रत्येक तबकडीवर तिचा अनुक्रमांक छापलेला असतो व तोच स्मार्ट नोंदींतहि असतो. संगणक तबकड्यांस देतो तीं नांवें मात्र यंत्र पुन्हां सुरू केल्यावर आलटून पालटून येऊं शकतात. म्हणून यंत्र धड असतांनाच अनुक्रमांकाचा तुकडा मोठ्या अक्षरांत लिहून तबकडीच्या दर्शनी बाजूस चिकटवावा. घाईच्या वेळीं आजारी म्हणून निरोगी तबकडी उपटल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. माझेंच उदाहरण त्यांत मोजलें जावयाचें होतें.

सुटका

आतां आमच्या भांडाराचें काय झालें तें सांगतों. प्रथम आम्हीं सर्व्हर बंद केला. दुसरी तबकडी सोडवून कापडांत गुंडाळून कपाटांत ठेविली. अकरा दिवसांपूर्वींपर्यंतचें सर्व कांहीं तिच्यावर शाबूत होतें. म्हणून तिला कोणी हात लावावयाचा नाहीं, असें ठरलें. परंतु शेवटची कॅसेट त्या अकरा दिवसांतच उतरविलेली होती. ती फक्त पहिलीवर, म्हणजे आजारी तबकडीवर होती.

अशा वेळीं डीडीरेस्क्यू हा कार्यक्रम उपयोगीं पडतो. साधा नकलनवीस पहिल्या खराब सेक्टरपाशीं थबकून बसतो. हा कार्यक्रम शहाण्या विद्यार्थ्याप्रमाणें वागतो : सोपे प्रश्न आधीं सोडवितो व कठीण प्रश्न शेवटासाठीं ठेवितो. जेथें अडतें ती जागा सोडून तो पुढें जातो, चांगला भाग आधीं उचलून घेतो, आणि मग राहिलेल्या जागांकडे परत येतो. काय मिळालें व काय राहिलें याचा नकाशा तो एका फाइलींत लिहीत जातो. त्यामुळें मध्येंच वीज गेली तरी काम पहिल्यापासून करावें लागत नाहीं. मात्र त्याला आज्ञा देतांना क्रम चुकतां कामा नये : आधीं जुनी तबकडी, नंतर नवी, शेवटीं नकाशा. पहिल्या दोहोंची अदलाबदल झाली, तर कोरी तबकडी भरलेलीवर उतरते व सर्वस्व जातें. मीं ती आज्ञा लिहिली, मुलीनें अनुक्रमांक मोठ्यानें वाचून ती पडताळली, आणि मगच कळ दाबली.

पहिल्या रात्रीं बहुतेक सर्व मजकूर नव्या तबकडीवर आला. उरलेल्या जागांसाठीं कार्यक्रम आणखी दोन रात्री झगडला. त्या अवधींत पहिलीची ओळ १९७ चोविसावरून दोनशें आठांवर गेली. आम्ही वेळींच थांबलों नसतों, तर ती कोठपर्यंत गेली असती हें सांगणें कठीण आहे. शेवटीं २०८ सेक्टर कायमचे गेले. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटांचा. म्हणजे एकूण १,०६,४९६ बाइट. ते सर्व एकाच ध्वनिमुद्रणांतील निघाले, आणि तें नेमकें शेवटच्या कॅसेटीचें. ध्वनिमुद्रण दर सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइट व दोन बाजू, अशा रीतीचें होतें. म्हणजे दर सेकंदास १,७६,४०० बाइट. भागाकार करून पाहा : गेलेला आवाज सेकंदाच्या सहा-दशांशांएवढा येतो. एका ओवींतील एक शब्द तेवढा गळाला. त्या जागीं आतां शांतता आहे.

दुसऱ्या तबकडीस नवी केबल घातली व तिची दीर्घ तपासणी केली. ती निर्दोष ठरली. आज ती व नवी तबकडी मिळून आरसा झाला आहे. पहिली निवृत्त झाली.

आरसा म्हणजे प्रत नव्हे

या प्रसंगांत माझी मुख्य चूक तबकडी ओळखण्याची नव्हती, ही गोष्ट सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. मुख्य चूक अशी, कीं आरसा आहे म्हणून प्रतीची गरज नाहीं, असें मीं मानलें होतें. आरसा एका तबकडीच्या मरणापासून वांचवितो. त्याहून अधिक कांहीं करीत नाहीं. चुकून फाइल पुसली, तर आरशांतील फाइलहि त्याच क्षणीं पुसली जाते. वीज कोसळली, घरांत पाणी शिरलें किंवा चोरी झाली, तर दोन्ही तबकड्या एकाच पेटींत असल्यामुळें एकदमच जातात. म्हणून जाणते लोक तीन, दोन, एक असा नियम सांगतात : मजकुराच्या तीन प्रती, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं. तिजोरी दुसऱ्या गांवीं ठेवावयाची म्हणजे मोठा खर्च, असें मुळींच नाहीं. एक बाहेरून जोडावयाची तबकडी घ्यावी, तिच्यावर प्रत काढावी, आणि ती आप्तांच्या कपाटांत ठेवून दर महिन्यास बदलावी. काढलेली प्रत उघडते कीं नाहीं, हेंहि अधूनमधून पाहावें. न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे. भारनियमन किंवा वादळी पाऊस असणाऱ्या गांवीं सर्व्हरसाठीं बॅटरीची सोय करावी, म्हणजे लिहितां लिहितां वीज गेली तरी यंत्र रीतसर बंद होतें. हें सर्व यंत्र धड आहे तोंवरच करावयाचें. बैल गेला आणि झोपा केला, तर त्या झोप्याचा उपयोग काय?

पालकांस एक विनंति आहे. या सुट्टींत एक संध्याकाळ मुलांबरोबर बसा, आणि घरांतील छायाचित्रें, वडीलधाऱ्यांचे आवाज व महत्त्वाचे कागद किती ठिकाणीं आहेत याची यादी करा. ज्या गोष्टीपुढें 'एकच ठिकाण' असें लिहावें लागेल, तिची दुसरी प्रत त्याच आठवड्यांत काढा. विद्यार्थ्यांनीं घरच्या संगणकाच्या तबकडीची स्मार्ट नोंद काढून वरील चार ओळींचे आंकडे तारखेसह वहींत लिहावे, व दर महिन्यास ताडून पाहावे. आणि यंत्राचा सेवक पत्र पाठवील, तें उघडून वाचावें.

आमची प्रत आतां माझ्या आत्याबाईंच्या घरीं असते. ती पोंचविण्यास मी प्रथम गेलों, तेव्हां गळालेल्या शब्दाची हकीकत त्यांस सांगितली व ध्वनिमुद्रण लावून दाखविलें. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. ओवी त्या जागीं आली, आवाज तुटला, आणि आत्याबाईंनीं तो शब्द सहज भरला. जणूं कांहीं गळालेंच नव्हतें. लहानपणीं त्या आजीच्या समोर जात्यास बसत असत. मीं तो शब्द त्यांच्याच आवाजांत त्याच दिवशीं टिपून घेतला, आणि त्याच्या तीन प्रती काढल्या.